कर्ण्याचं तोंड

"आमचा कर्णा आम्ही आणू," असं कुसुमताई गणेशोत्सव मंडळाच्या सभेत ठसक्यात बोलून बसल्या, तेव्हा कर्णा आणायचा म्हणजे नक्की काय काय आणायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कर्णा म्हणजे बांबूवर टांगलेलं, धोत्र्याच्या फुलासारखं ते पत्र्याचं तोंड, एवढंच त्यांनी लांबून पाहिलं होतं. त्या तोंडामागं एक पेटी असते, पेटीमागं वीज असते, विजेमागं चिटणीस असतो आणि चिटणीसामागं पोलीस असतो, ही वंशावळ त्यांना पुढच्या तीन आठवड्यांत कळायची होती.

पण न बोलून करतात काय? चिटणीस सोपानराव उभे राहिले होते. सोपानराव म्हणजे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले कारकून. माणूस वाईट नाही, पण जगातली प्रत्येक गोष्ट वेळेवर सुटावी आणि वेळेवर पोचावी, असं त्यांना वाटे. ते म्हणाले, "मागच्या वर्षी भगिनी मंडळाचं अर्धा तास गायन झालं. तिसऱ्या रांगेच्या मागं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. लोकांनी शेंगा सोलल्या. मी तर म्हणेन, शेंगाच जास्त ऐकू आल्या. तेव्हा यंदा तो अर्धा तास आपल्या कर्ण्यावर तबकड्या लावाव्यात. वीजही आहे, कर्णाही आहे."

"मग तोच कर्णा आम्हाला द्या की," कुसुमताई म्हणाल्या.

"तो तबकड्यांचा कर्णा आहे," सोपानराव म्हणाले. ह्याचा अर्थ कुणालाच कळला नाही, बहुधा त्यांनाही नाही. पण सभेत सतरा पुरुषांनी माना डोलावल्या, आणि कुसुमताईंच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"आणा," सोपानराव म्हणाले. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं तर अर्धा तास कायमचा तुमचा. नाही आलं तर पुढच्या वर्षापासून तबकड्या. लिहून घ्या रे इतिवृत्तात."

आता ह्यात रागवायचं ते काय, असं कुणी म्हणेल. स्टेशनवाडी ही चिंचवड स्टेशनापलीकडची पत्र्याच्या छपरांची वस्ती. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना सुरू झाला तेव्हा साताऱ्याहून, नगरहून, कुठून कुठून लोक येऊन इथे राहिले. त्यांत कुसुमताईंचं बिऱ्हाड वाईचं. शाळा चौथीपर्यंत. पण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकायच्या नाहीत, आणि गेली दोन वर्षं त्या पदं करत होत्या. स्वतःची. हे त्यांच्या भगिनी मंडळातल्या तिघींनाच माहीत होतं. मागच्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतः रचलेलं पद देवापुढं म्हटलं होतं, आणि ते शेंगांच्या टरफलांत गेलं. चाल वाईट आहे, शब्द भिकार आहेत, असं कुणी म्हटलं असतं तर त्या चार दिवस जेवल्या नसत्या, पण पाचव्या दिवशी सुधारून घेतलं असतं. कुणी ऐकलंच नाही, ह्याला काय औषध? पिंपरीचा एवढा मोठा कारखाना, पण त्याचं औषध तिथेही निघत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं. रंगराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"कर्णा म्हणजे किती मोठा?"

"चार बायका ऐकू येतील एवढा."

"चार बायका मला कर्ण्याशिवाय ऐकू येतात," रंगराव म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीत सल्ल्यांचा पाऊस पडला. एकानं सांगितलं, रांजण पालथे पुरा म्हणजे आवाज घुमतो. त्याच्या भावानं सांगितलं, पालथे नव्हे, उताणे. दोघांचं त्यावरून बोलणं बंद झालं. एका शेजारणीनं ज्येष्ठमध पाठवला. आणि मंडळातल्या मंजुळाबाई म्हणाल्या, "कर्णा कशाला पायजे? मी हाय न्हवं?"

हेही खोटं नव्हतं. मंजुळाबाई तळेगाव दाभाड्याच्या जुन्या घराण्यातल्या. त्यांनी अंगणातून कोथिंबिरीचा भाव विचारला की स्टेशनवरचा भाजीवाला उत्तर देई. पण अडचण अशी की मंजुळाबाईंचा आवाज लांब जात असला, तरी सुरात जाईलच असं नव्हतं, म्हणून मागच्या वर्षी त्यांना दबक्या आवाजात गायला लावलं होतं. सूर होता सुमनताईंकडे. बावीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली पोर. गळा असा की ऐकणाऱ्याचे डोळे भरावेत. फक्त ऐकणारा तिच्या मांडीला मांडी लावून बसलेला हवा. चौथ्या शालनबाई. त्या तबला वाजवत आणि सहसा बोलत नसत. म्हणजे एकीचा आवाज फार, एकीचा फार कमी, एकीचा नाहीच, आणि मधे बाजाच्या पेटीवर कुसुमताई, ज्यांच्याकडे फक्त शब्द. ह्या चौघींना एका मापात आणेल असं यंत्र शोधायचं होतं.

पहिल्यांदा त्या आणि मंजुळाबाई पॅसेंजरनं पुण्याला गेल्या. बुधवार पेठेतल्या एका दुकानात काचेच्या कपाटांत यंत्रं मांडलेली होती. दुकानदार गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारलं, "किती वॅटचा पाहिजे?"

कुसुमताईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मध्यम."

"जागा बंदिस्त की उघडी?"

"मांडव आहे. वरून बंद, बाजूंनी उघडा."

"श्रोते?"

"बाजूंनी उठून जाणारे," मंजुळाबाई म्हणाल्या.

दुकानदारांनी चांदीसारखा चकचकीत माईक काढून टेबलावर ठेवला, एक खटका दाबला आणि म्हणाले, "बोला काहीतरी." आता भल्या घरच्या बाईला परक्या दुकानात, चार अनोळखी पुरुषांसमोर, "बोला काहीतरी" म्हटलं तर ती काय बोलणार? कुसुमताईंच्या तोंडून निघालं, "दूध उतू गेलं वाटतं." ते वाक्य दुकानाच्या दारावरच्या कर्ण्यातून रस्त्यावर गेलं. समोरच्या माडीवरची एक बाई धावत आत गेलेली कुसुमताईंनी स्वतः पाहिली. आवाज इतका स्वच्छ, इतका मोठा, आणि इतका त्यांचा स्वतःचा होता, की कोण बोललं ते त्यांनी मागं वळून पाहिलं. आपण असे ऐकू येऊ शकतो!

मग मंजुळाबाई पुढं सरकल्या. त्यांनी पदर खोचला आणि आंधळ्या-बहिऱ्या सासूला हाक मारावी तसं म्हटलं, "ऐकू येतंय का!" पेटीत काहीतरी फट् झालं, निळसर धूर आला, आणि दुकानदार अतिशय सभ्यपणे म्हणाले, "हा सेट भाषणांसाठी आहे. आपल्या कामाचा नाही."

शिवाय तो विजेवर चालणारा होता, आणि मांडवातली वीज सोपानरावांच्या ताब्यात. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवा. तो बरकतकडे होता.

बरकतचं स्टेशनजवळ सायकलचं दुकान. पण सायकली पोटासाठी, जीव रेडिओत. देहूरोडच्या डेपोत लढाईनंतरचा माल लिलावात निघे, तेव्हा लोक तंबू आणि बूट घेत, बरकत तारा आणि खोकी घेई. त्यातून त्यानं एक सेट जुळवला होता. हिरवी लष्करी पेटी, लॉरीची बॅटरी, लग्नातला कर्णा आणि लाकडी मुठीचा काळा माईक.

"एकच माईक?" कुसुमताईंनी विचारलं.

"लढाईत एकाच वेळी एकच बोलतो, ताई," बरकत म्हणाला. "दुसरा बोलला तर त्याला बाहेर काढतात."

त्यानं चौघींना परसात नेलं. मधे पाटावर माईक ठेवला आणि खडूनं जमिनीवर गोल काढायला लागला. त्याची पद्धत अशी होती: आवाज मोठा तर माणूस लांब, आवाज लहान तर जवळ. सुमनताईंचा गोल माईकला चिकटून. कुसुमताईंची पेटी दोन हातांवर. शालनबाई चार हातांवर. मंजुळाबाईंना तो एकेक पाऊल मागं सारत गेला. "आणखी, ताई. आणखी जरा." शेवटी मंजुळाबाई कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन पोचल्या आणि बरकतनं तिथे गोल काढला.

"हितनं मला देव तरी दिसंल का?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"देवाला तुमी ऐकू याल," बरकत म्हणाला.

बरकतची आई रोशनबी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. चौघींनी पहिलं कडवं म्हटलं. कर्ण्यातून सुमनताईंचा गळा बाहेर आला, त्याला मंजुळाबाईंची लांबून किनार, आणि शब्द अगदी सुटे सुटे. रोशनबीचा सुपावरचा हात थांबला. ती इतकंच म्हणाली, "लेकी, हे कुनी लिवलं?" कुसुमताईंनी पेटीचा भाता उगाचच पुसला. निवड झाली होती.

आता ह्यापुढं सगळं सुरळीत व्हायचं, तर सुमनताई मधे आल्या. तसा त्यांचा दोष नव्हता. एवढ्या जवळून तोंड न्यायचं म्हणजे माईक ओठांना लागायचाच, आणि त्या माईकवर आजवर किती लग्नांत किती जणांनी तोंडं लावली असतील! थोडक्यात, माईक उष्टा होता. परसात भिडेपोटी त्या गायल्या, पण रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सरावासाठी माईक घरी आणला होता. पहाटे उठून त्यांनी तो राख आणि काथ्या लावून घासला, कढत पाण्यानं तीनदा धुतला, वर तुळशीचं पान फिरवलं, आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी पालथा घालून ठेवला.

कुसुमताई आल्या तेव्हा माईकमधून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो तसाच पदरात गुंडाळून बरकतकडे नेला.

बरकतनं माईक कानाशी धरून हलवला. "आत कोळशाची पूड असती, ताई. तिचा झाला चिखल."

"कोळसाच हाय न्हवं आत?" मंजुळाबाई म्हणाल्या. "मग वरनं राख लावली तर बिघडलं कुठं? एकाच जातीचं."

बरकतनं नुसती मान डोलावली. तो मोठ्या मनाचा होता.

माईक वाळवायला हवा होता, आणि झडीच्या पावसात ऊन कुठलं? चुलीवर धरला तर सांध्यांची लाख वितळणार. तीन दिवस बरकत तो खिशात घेऊन फिरला, काही झालं नाही. चौथ्या दिवशी कुसुमताई चौकशीला गेल्या, तर रोशनबी हसत त्यांना खुराड्यापाशी घेऊन गेली. पाटीत एक लाल कोंबडी अंडी उबवायला बसली होती. रोशनबीनं तिला हलकेच उचललं. खाली सात अंडी आणि एक माईक.

"ऊब बी हाय, कोरडं बी हाय," रोशनबी म्हणाली. "उद्यापातूर होतंय बघ."

कुसुमताई शुद्ध शाकाहारी. धुऊन सोवळा केलेला माईक आता कोंबडीच्या पोटाखाली होता. त्यांच्या मनात पुष्कळ काही येऊन गेलं. देव आला, धर्म आला, वाईची आत्या आली. मग शेवटच्या रांगेत बसलेले, शेंगा सोलणारे लोक आले.

"सुमनताईंना सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? कोंबडी बी न्हाई सांगत," रोशनबी म्हणाली.

आणि माईक बोलायला लागला, खरंच. फक्त दर कडव्यानंतर त्याच्या डोक्यावर टिचकी मारावी लागे, नाहीतर आतला कोळसा झोपी जाई. टिचकीचं काम शालनबाईंनी न बोलता अंगावर घेतलं; कडवं संपलं की त्या तबल्यावरून पुढं सरकत.

राहिला परवाना. कर्णा लावायचा तर चौकीचा परवाना लागतो, हे सोपानरावांनी त्यांना दोन दिवस आधी सांगितलं, आणि तेही आठवलं म्हणून. चौघी मिळून चौकीवर गेल्या. हवालदार भिमाजी हा मोठ्या मिशांचा, मायाळू आणि नियमांना घाबरणारा माणूस. त्यानं रजिस्टर उघडलं.

"कशासाठी आवाज करनार?"

"गाण्यासाठी."

"भाषन न्हवं ना मधे? गान्यात लपवून भाषन करत्यात लोक. बरं, किती लांब ऐकू जानार?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

"शेवटची रांग," भिमाजीनं लिहिलं. "आता नावं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव."

चौघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

"मी लिहून देते," कुसुमताई म्हणाल्या आणि टाक उचलायला गेल्या.

भिमाजीनं टाकावर हात ठेवला. "सरकारी टाक सरकारी हातातच पायजे. तोंडी सांगा."

तोंडी म्हणजे उखाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कुसुमताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, कानाच्या पाळ्या लाल होऊन म्हटलं:

"कागदावर कागद, वर सरकारी शिक्का,
रंगरावांचं नाव घेते, परवाना करा पक्का."

आतल्या खोलीतून दोन शिपाई बाहेर आले. कोठडीतल्या एका इसमानं गज धरून मान पुढं केली. मंजुळाबाईंनी पदर सारखा केला, आणि चौकीचं छप्पर जरा हललं:

"इंद्रायणीच्या काठी हरभऱ्याचं रान,
ज्योतीरामांचं नाव घेते, हवालदार, द्या ध्यान!"

"वा!" कोठडीतला इसम म्हणाला. भिमाजीनं त्याला दटावलं, पण मिशीतल्या मिशीत तोही हसत होता.

सुमनताईंचा उखाणा कुणालाच ऐकू आला नाही. ओठ हलले, गाल लाल झाले, संपलं. "पुन्हा," भिमाजी म्हणाला. पुन्हा ओठ हलले. तिसऱ्यांदा मंजुळाबाईंना राहवलं नाही. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दौलतराव म्हणत्यात त्या, दौलतराव!" भिमाजीनं मान न उचलता लिहिलं, आणि रजिस्टरात मंजुळाबाईंच्या नावापुढं ज्योतीराम आणि दौलतराव असे दोन नवरे नोंदले गेले. ते खोडायला वरिष्ठांची सही लागणार, आणि वरिष्ठ पुण्याला. मंजुळाबाई म्हणाल्या, "राहू द्या. घरी एकालाच माहीत हाय, दुसऱ्याला कळंल तवा बघू."

शालनबाईंनी मात्र "भैरू" असं सरळ सांगून टाकलं. त्यांचं नवऱ्याशी मागच्या वर्षीच्या गौरीपासून बोलणं बंद होतं.

परवाना मिळाला तो गाण्याच्या दिवशी दुपारी. कुसुमताई तो हातात धरून मांडवात आल्या तेव्हा बरकतनं कर्णा बांबूवर चढवून लोकांच्या बाजूला तोंड करून बांधला होता. देवाच्या उजव्या अंगाला पाट मांडला होता, खडूचे गोल काढले होते. मंजुळाबाईंचा गोल मांडवाच्या खांबापाशी, म्हणजे निम्मा बाहेर होता, पण त्यांनी आता त्यात समाधान मानलं होतं. सोपानराव खुर्च्या मोजत होते. सगळं वेळेवर होतं.

तेवढ्यात आक्काबाई आली. वय पंचाहत्तर, पाठीत वाकलेली, हातात काठी. मांडव ज्या जागेवर होता ती जागा तिची होती, आणि त्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ती कुणाचंच ऐकत नसे. तिनं देवाला हात जोडले, मग मान वाकडी करून वर बांबूकडे पाहिलं.

"आरं बरकत, ह्येचं तोंड कुनीकडं हाय?"

"लोकांकडं, आक्का."

"आन् बूड?"

बरकतनं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. कर्ण्याचं बूड बरोबर गणपतीच्या मुकुटावर रोखलेलं होतं.

"द्येवाला बूड दावून गानं म्हनत्यात व्हय?" आक्काबाई म्हणाली. "गानं द्येवासाठी हाय का सोपानरावासाठी?"

"देवासाठीच," सोपानराव घाईनं म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय? पण त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलेलं कुसुमताईंना दिसलं.

"मंग फिरवा."

बरकत कुसुमताईंच्या जवळ आला आणि हळू म्हणाला, "ताई, आवाज सरळ जातो. तोंड जिकडं, आवाज तिकडं. फिरवला तर म्होरल्या लोकांना घरघर ऐकू येईल नुसती. पण ह्यात मी काय बोलू? देव तुमचा."

मंजुळाबाई म्हणाल्या, "काय हुतंय? धूप देवाम्होरं लावला तरी वास घरभर जातो का न्हाई?"

कुसुमताईंनी देवाकडे पाहिलं. पद त्यांनी देवालाच लिहिलं होतं, हे खरं. शब्द न् शब्द त्याच्याशी बोलणं होतं. मग त्याच्याकडे पाठ करून ते सोपानरावांना ऐकवायचं म्हणजे, माणसाशी बोलताना दुसरीकडे बघण्यासारखंच की. आणि खरं सांगायचं तर आक्काबाईला नाही म्हणायची छाती चिंचवडात कुणाचीच नव्हती. "फिरवा," त्या म्हणाल्या. बरकतनं कर्णा उंच चढवला आणि देवाच्या डोक्यावरून, मागच्या पडद्याकडे तोंड करून बांधला.

सातला मांडव भरला. सोपानराव मधल्या खुर्चीत, मांडीवर घड्याळ. रंगराव शेवटच्या रांगेत, एरवी कधी बसत नसत तिथे. शालनबाईंनी माईकला टिचकी मारली आणि चौघींनी सुरू केलं:

"पहिला भोंगा झाला देवा, चूल अजून पेटेना,
तुझ्या दारी यायला मला वेळ काही भेटेना..."

पुढं ऐकू गेलं ते पत्र्याच्या गोदामात कोंडलेलं कुणी गात असल्यासारखं. लोकांनी माना पुढं केल्या, कानांमागं हात धरले. बरकतनं पेटीचं बटण जेवढं फिरतं तेवढं फिरवलं. घरघर वाढली, शब्द आले नाहीत. पहिल्या कडव्यानंतर पाचव्या रांगेतले दोघं उठले आणि बाजूनं बाहेर गेले. मग त्यांच्या शेजारचे. मग अख्खी रांग, सतरंजी सरळ करायचंही भान न ठेवता. शेंगा सोलायलासुद्धा कुणी थांबलं नाही.

कुसुमताईंना पेटीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्या मनात आलं, थांबावं. पण गाणं मधेच थांबवणं म्हणजे सगळ्यांसमोर पडून पुन्हा उठायचंही नाही, तसं. त्या गात राहिल्या. सुमनताई डोळे मिटून गात होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. खांबाबाहेरून मंजुळाबाईंची किनार येत होती, तीही जरा ओली.

"तूच ये ना चुलीपाशी, पाट देते बसायला,
धूर गेला डोळ्यांत म्हणेन, कुणी आलं पुसायला."

शेवटची ओळ संपली तेव्हा मांडवात तिघं उरले होते. आक्काबाई, हात जोडलेली. सोपानराव, कारण चिटणीसाला उठता येत नाही. आणि अगदी मागं रंगराव, ताठ बसलेले, जणू एकट्यानं सगळ्या रांगा भरून काढायच्या होत्या. सोपानरावांनी घड्याळ खिशात घातलं आणि दुःखानं मान हलवली. म्हणजे दुःख थोडं, मान जास्त.

आणि मग देवाच्या मागून, पडद्यापलीकडून, कुणीतरी बाई ओरडली:

"ओ गानाऱ्या बाई! त्ये धुराचं कडवं परत म्हना की! भाकरी थापताना निम्मं ऐकू आलं न्हाई!"

मांडवाच्या मागं, पडद्यापासून चार हातांवर, खाणावळीच्या चुली होत्या. कारखान्याची दोनेकशे माणसं तिथे पाळीपाळीनं जेवत आणि सहा बायका संध्याकाळी पाचपासून भाकऱ्या थापत. तीन वर्षांत त्या मांडवात आल्या नव्हत्या. त्यांना गणपती दिसे तो विसर्जनाला जाताना, पाठीमागून. कर्ण्याचं तोंड सरळ त्यांच्या तव्यावर होतं. बरकतनं पडदा जरा बाजूला केला आणि कुसुमताईंनी पाहिलं. चुलींच्या उजेडात बायका, पिठाचे हात तसेच. जेवणारे, घास हातात. आणि त्यांच्याभोवती चिखलात, भांड्यांच्या ढिगांत, पाचव्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंतचे सगळे लोक उभे. जिकडे ऐकू येत होतं तिकडे गेले होते, दुसरं काय!

एका भाकरीवालीनं पदरानं डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, "धूर गं बाई, धूर." तिथे एकदम हशा झाला, आणि टाळ्या.

सोपानराव उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलं. त्यांचा आवाज जरा चढला होता. "बरकत! अरे, फिरव तो कर्णा. पुन्हा म्हणणार आहेत त्या. तोंड लोकांकडं कर."

बरकतनं बांबूला हात घातला आणि विचारलं, "फिरवू का, ताई?"

कुसुमताईंनी डोळे पुसले, पेटी पुढं ओढली. "राहू द्या, बरकतभाई," त्या म्हणाल्या. "लोकांकडंच आहे तोंड."

शालनबाईंनी माईकला टिचकी मारली. सोपानरावांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मोकळ्या सतरंज्यांकडे पाहिलं, मग धोतराचा सोगा उचलला, चपला हातात घेतल्या, आणि चिखल चुकवत मागच्या बाजूला निघाले.